परक्यांच्या नजरेतला इटालियन



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'इटालियन माणूस' असे सांगितले. त्यांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. युनियनचा माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार झाले तर मार्क्सवर बोलेल; त्याच्या तोंडी हा इटालियन कुठून आला? शंका रास्त आहे, म्हणून प्रथम तिचेच उत्तर देतो.

वाटाघाटीच्या टेबलाशी बसून आमची उमर गेली. त्या टेबलापलीकडून आम्ही एक वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता पाठ झाले आहे. अमक्या जिल्ह्याची माणसे आळशी, तमक्या प्रांताची भांडखोर, फलाण्या जातीची मुकाट राबणारी. आणि हे वाक्य निघाले की त्याच्या मागोमाग पगाराचा आकडा निघतो, हेही आम्ही पाहिले आहे. माणसांच्या एका सबंध समूहाला एखादा गुण किंवा अवगुण चिकटवला की त्याची मजुरी ठरवणे सोपे जाते. असे लेबल कोण तयार करतो, कशासाठी करतो आणि ते निघायला किती वर्षे लागतात, हे शोधू लागलो तेव्हा आम्हाला इटालियन भेटला. त्याच्याइतका कागदोपत्री पुरावा दुसऱ्या कुणाचा मिळत नाही. तीनशे वर्षे सारा युरोप इटलीला जाऊन येतो आहे आणि आल्यावर पुस्तक लिहितो आहे.

आता इटालियन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते ते मोकळेपणाने सांगू या. तो आळशी असतो. दुपारभर झोपतो. तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलतो. गातो बरा. आईच्या पदराला चिकटलेला आणि परक्या बायकांच्या मागे लागलेला, हे दोन्ही एकाच वेळी. लढाईत पळ काढतो. शेवयांसारखे काहीतरी खातो. आणि त्याचा एखादा मामा किंवा चुलता माफियात असतो. या सभागृहात असा इटालियन जवळून पाहिलेले किती असतील? तरी यादी मात्र सगळ्यांची सारखी निघेल.

शेवयांवरून आठवले. १ एप्रिल १९५७ रोजी बी.बी.सी.ने आपल्या एका भारदस्त कार्यक्रमात एक लहानशी फिल्म दाखवली. स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागात स्पॅगेटीचे पीक कसे भरघोस आले आहे, झाडांवरून बायका त्या लांब शेवया कशा तोडतात आणि उन्हात वाळवतात, असे त्यात होते. एप्रिल फूल होते ते. पण ते झाड आपल्याला कुठे मिळेल, अशी विचारणा करणारे प्रेक्षक निघाले. इटलीबद्दल ठाम मत असलेल्या देशातली ही गोष्ट. कणीक मळून केलेला पदार्थ झाडाला लागतो असे मानणारा माणूस इटालियनाच्या स्वभावाबद्दल मात्र निःशंक असतो, याची मौज वाटते.

आपल्याकडे मात्र इटालियन पहिल्यांदा आला तो या वेषात नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांचा इटालियन म्हणजे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. लाला लजपतरायांनी त्या दोघांची चरित्रे उर्दूत लिहिली. सावरकरांनी केलेले मॅझिनीचे मराठी भाषांतर १९०७ साली निघाले. ज्या मॅझिनीने 'माणसाची कर्तव्ये' हा ग्रंथ मुद्दाम इटालियन कामगारांना उद्देशून लिहिला, त्याच्या देशाचे लोक आळशी असतात हे त्या वाचकांना सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. पुढे १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात दे सिकाचा 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला. सायकल चोरीला गेली म्हणून नोकरी जाणार, या धास्तीने मुलाचा हात धरून रोमभर वणवण करणारा तो बाप मुंबईने पाहिला. आणि त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे मुंबईचा टॅक्सीवाला ज्या गाडीवर पोट भरत होता ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी गाडी मूळची तुरिनच्या फियाटची. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, तरी ड्रायव्हर मंडळी तिला फियाटच म्हणत. शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून निघाली. म्हणजे आळशी लोकांनी आखलेल्या यंत्रावर मुंबई दोन पिढ्या धावली.

तेव्हा आळसाचा आरोप आधी घेऊ. कारण तो सर्वांत जुना आहे आणि आमच्या धंद्याशी त्याचा थेट संबंध आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंड-जर्मनीतल्या श्रीमंत घरची मुले शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून इटलीची सफर करीत. बरोबर शिक्षक, नोकर आणि वाटाड्या पुस्तक. त्यांना पाहायचे होते ते जुन्या रोमचे पडके खांब आणि चर्चमधली चित्रे. त्या खांबांच्या सावलीत जिवंत माणसे बसलेली दिसत, ती त्यांना देखाव्याचाच भाग वाटत. अशाच एका जर्मन वाटाड्या पुस्तकात लिहिले होते की नेपल्स शहरात तीस ते चाळीस हजार लोक काहीही न करता बसून असतात. पुस्तकात छापले म्हणजे खरे. पुढचा प्रवासी ते वाचून जाई, तेच पाही आणि तेच लिही.

१७८७ साली गटे नेपल्सला होता. कवीच तो, पण त्याने एक गोष्ट अशी केली की ती एखाद्या कसलेल्या लेबर इन्स्पेक्टरला शोभावी. ते तीस-चाळीस हजार आळशी लोक कुठे आहेत हे शोधायला तो पहाटेपासून वेगवेगळ्या वेळी शहरभर हिंडला. चौकात उभे दिसले ते हमाल. गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. गाडीवाले गाडीपाशी उभे होते, कारण हाक येईल तेव्हा निघायचे. कोळी उन्हात पडून होते, कारण वारा उलटा होता आणि होडी बाहेर काढता येत नव्हती. लहान पोरे सुद्धा रिकामी नव्हती: कुणी मासळी वाहत होते, कुणी गोदीजवळच्या सुतारकामातल्या ढलप्या वेचून जळणाला विकत होते. रस्त्यावरचा कचरा आणि लीद गोळा करून गाढवावरून शहराबाहेरच्या भाजीच्या मळ्यांत नेली जात होती. फाटक्या कपड्यांतला माणूस म्हणजे रिकामा माणूस नव्हे, असा निष्कर्ष त्याने काढला. तो त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवला आणि ते पुस्तक सगळ्या युरोपने वाचले. पण उपयोग काय झाला? त्यातली लिंबाची झाडे लोकांच्या लक्षात राहिली आणि ही शिरगणती विसरली गेली.

गटेनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी हाच प्रकार दक्षिण इटलीच्या गावागावांत चालू होता. इटालियन भाषेत शेतमजुराला 'ब्राच्चान्ते' म्हणतात. 'ब्राच्चो' म्हणजे बाहू. ज्याच्याजवळ जमीन नाही, जनावर नाही, अवजार नाही, केवळ दोन बाहू आहेत तो. हा माणूस पहाटे गावच्या चौकात येऊन उभा राही. मुकादम येई, दंड चाचपून पाही, हवे तेवढे घेऊन जाई. उरलेले तिथेच उभे. दहा वाजता आगगाडीतून उतरणारा परदेशी पाहुणा त्यांना पाही आणि वहीत टिपून घेई: हे लोक दिवसभर चौकात उभे असतात. आपल्या गिरण्यांच्या दरवाजाशी बदली कामगार सकाळी कसे ताटकळत, किंवा आज कोणत्याही शहराच्या नाक्यावर गवंडी आणि बिगारी कसे उभे असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला यापेक्षा अधिक सांगायला नको.

आणखी एक कारण होते, ते शरीरातले. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन आहे. वाईट हवा असा त्याचा अर्थ. सखल जमिनीवर मलेरिया, म्हणून शेतकरी डोंगरमाथ्यावर गाव करून राहत आणि पहाटे उतरून दोन-दोन तास चालत शेतावर जात. अंगात हिवताप मुरलेला. असा माणूस दुपारी भिंतीला टेकून बसला तर तो कोणत्या तत्त्वज्ञानाने? सरकारने गरिबांना क्विनीन पुरवण्याचा कायदा विसाव्या शतकाच्या आरंभी केला, दलदली उपसल्या, पुढे डी.डी.टी. आली, १९७० साली इटली मलेरियामुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. मलेरिया गेला, आळसाची ख्याती मात्र राहिली.

आजचे आकडे हवे असतील तर तेही आहेत. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक इटालियन कामकरी वर्षाला सरासरी सतराशे तासांच्या आसपास काम करतो आणि जर्मन साडेतेराशेच्या आसपास. आता इथे कुणी उठून विचारील की जर्मनीत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत त्याचे काय. बरोबर आहे. म्हणून यावरून जर्मन आळशी ठरतो असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की कारखानदारीत जर्मनीच्या खालोखाल युरोपात ज्या देशाचा क्रमांक लागतो त्याला आळशी म्हणायचे तर ते घड्याळ बंद ठेवून म्हणावे लागेल.

आता दुसरी गोष्ट. इटालियन घरी होता तोवर प्रवाशाने त्याचे चित्र काढले. तो घराबाहेर पडला तेव्हा ते काम मालकाने आणि मुकादमाने हाती घेतले. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख इटालियनांनी पोटासाठी देश सोडला. काही परतले, पुन्हा गेले. पण आकडा डोळ्यांपुढे धरा. बंदुका न घेता, फावडी घेऊन निघालेले एवढे मोठे सैन्य जगाने क्वचितच पाहिले असेल.

आल्प्स पर्वताखालून जाणारा गोथार्डचा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खणला गेला. लांबी १५ किलोमीटर. खणणारे बहुतेक इटालियन. आत धूर, पाणी, उष्णता. मजुरीचा काही भाग कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या कुपनांत. १८७५ च्या जुलैमध्ये त्यांनी काम थांबवले तेव्हा स्विस शिपायांनी गोळी चालवली आणि चौघे ठार झाले. अपघातांत मेलेल्यांची सरकारी संख्या दोनशेच्या घरात जाते. पुढे मजूर पांढरे फटक पडू लागले, चालवेना झाले. हे लोक मुळातच दुबळे, असे म्हणायला ही नामी संधी होती. पण तुरिनच्या पेरोनचितो नावाच्या शास्त्रज्ञाने १८८० साली दाखवून दिले की बोगद्यातल्या घाणीतून शरीरात शिरणाऱ्या कृमींमुळे रक्त आटते आहे. कंपनीने एवढ्या माणसांसाठी बोगद्यात शौचकूप बांधले नव्हते, आणि दोष लागत होता तो इटालियन रक्ताला.

आणि लेबल किती सोयीचे असते ते पाहा. मालक म्हणे, हा इटालियन फार भडक, लगेच संप करतो. स्थानिक मजूर म्हणे, हा इटालियन फार नरम, थोडक्या पैशांत राबून आमचे दर पाडतो. दोन्ही एकाच माणसाबद्दल! फ्रान्सच्या दक्षिणेला एग-मोर्त येथे मिठागरे आहेत. १७ ऑगस्ट १८९३ रोजी तिथे दर पाडतात म्हणून इटालियन मजुरांवर हल्ला झाला. सरकारी मोजणीप्रमाणे आठ जण मारले गेले, आणि खटल्यात सारे आरोपी सुटले. त्याआधी दोन वर्षे, १४ मार्च १८९१ रोजी, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात जमाव घुसला आणि त्याने अकरा इटालियनांना ठार केले. पोलिसप्रमुखाच्या खुनाचा आरोप होता. ज्यांचा खटला चालला त्यांपैकी एकालाही पंचांनी दोषी ठरवले नव्हते. त्या शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती २०१९ साली. मध्ये एकशेअठ्ठावीस वर्षे गेली. उलट १९१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावी गिरणी कामगारांचा जो मोठा संप झाला त्यात इटालियन स्त्री-पुरुष आघाडीवर होते. कायद्याने आठवड्याचे दोन तास कमी झाले म्हणून मालकांनी पगारही कापला, तिथून तो पेटला आणि वाढ मिळवून मिटला. त्याच राज्यात सॅको आणि व्हॅन्झेटी यांना २३ ऑगस्ट १९२७ रोजी विजेच्या खुर्चीवर बसवले. एक जोडे करणाऱ्या कारखान्यातला कामगार, दुसरा मासे विकणारा. दरोडा आणि खून हा आरोप. पण ते इटालियन होते, परके होते आणि अराज्यवादी होते, हे खटलाभर कोर्टाच्या हवेत होते. पन्नास वर्षांनी, १९७७ साली, राज्याच्या गव्हर्नरने जाहीर केले की त्यांचा खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता.

खाणींची नावे तर इटालियन घरांत तीर्थक्षेत्रांसारखी पाठ असतात. मोनोंगा, पश्चिम व्हर्जिनिया, ६ डिसेंबर १९०७: सरकारी आकडा ३६२ मृत, त्यांत १७१ इटालियन. मार्सिनेल, बेल्जियम, ८ ऑगस्ट १९५६: २६२ मृत, त्यांत १३६ इटालियन. या मार्सिनेलच्या मागे १९४६ चा एक करार होता. इटलीने माणसे द्यायची, बेल्जियमने कोळसा द्यायचा. दोन सरकारांनी सह्या करून केलेला हा व्यवहार. त्यात माणसाचे मोल कोळशाच्या टनांत मांडले होते.

स्वित्झर्लंडची गोष्ट त्यामानाने अलीकडची. हंगामी परवान्यावर आलेल्या इटालियनाला वर्षाचे नऊ महिने काम करण्याची मुभा होती; बायकामुले आणण्याची नव्हती. काहींनी मुले चोरून आणली आणि शेजाऱ्याने तक्रार करू नये म्हणून दिवसभर खोलीत आवाज न करता ठेवली. ७ जून १९७० रोजी परदेशी लोकांची संख्या सक्तीने कमी करावी की नाही यावर तिथे मतदान झाले. ते शेकडा ५४ मतांनी फेटाळले गेले. मत फक्त पुरुषांना होते. स्विस स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळायला अजून एक वर्ष होते. म्हणजे ज्यांना स्वतःच्या घरातल्या बायकांना मत द्यायला वेळ मिळाला नव्हता ते इटालियनाला मागासलेला म्हणत होते.

इथवर परक्यांचे झाले. पण लेबल बाहेरून आले की घरातलेच लोक ते उचलून धाकट्या भावाच्या कपाळी चिकटवतात. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले तेव्हा लिहिता-वाचता न येणारे शेकडा ७५ हून अधिक होते, आणि दक्षिणेत त्याहून जास्त. उत्तरेतल्या काही पंडितांनी याचे कारण जमीनदारीत आणि करांत न शोधता कवट्यांत शोधले. निचेफोरो नावाच्या लेखकाने १८९८ साली दक्षिणेकडची इटली रानटी आहे असे पुस्तकच लिहिले. हा गृहस्थ स्वतः सिसिलीचा होता, हे विशेष. अमेरिकेच्या सरकारला ही विद्या उपयोगी पडली. तिथल्या बंदरांवर उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन अशा दोन वेगळ्या 'वंशां'ची नोंद होऊ लागली. पुढे १९२४ च्या कायद्याने साऱ्या इटलीला वर्षाला ३,८४५ माणसांची मर्यादा घातली. आणि १९५०-६० च्या दशकांत दक्षिणेकडचे लाखो तरुण तुरिनला फियाटमध्ये आले तेव्हा आपल्याच देशात त्यांना दारांवर पाट्या दिसल्या की दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही. ग्राम्शीने १९२६ सालीच लिहून ठेवले होते की उत्तरेच्या कामगाराला दक्षिणेचा शेतकरी म्हणजे पायातली बेडी आहे असे पढवले जाते, आणि तोवर दोघांचेही मालक निर्धास्त असतात. आम्हाला सबंध ग्राम्शी समजला असे नाही. पण एवढे समजायला पदवी लागत नाही.

भित्रेपणाच्या आरोपाबद्दल महाराष्ट्राला बोलण्याचा अधिकार आहे, कारण आपली माणसे त्या इटालियनाशी लढली आहेत. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेने भारतीय डिव्हिजनांना सुमारे सात आठवडे रोखून धरले. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. तिथून परत आलेल्या मराठा शिपायाला इटालियन पळपुटा असतो ही गंमत सांगून पाहायला हवी होती! पुढे आपल्याच पलटणी इटलीत उतरल्या. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढताना पडला; त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या तिथल्या गावाने २०२३ साली त्याच्या नावाने एका छायाघड्याळाचे स्मारक उभारले. युद्धकैदी म्हणून इटलीत अडकलेले कित्येक भारतीय सैनिक १९४३ च्या सप्टेंबरनंतर तुरुंगातून निसटले तेव्हा इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यांत, गंजींत लपवले. जर्मनांना कळले असते तर घर जाळले गेले असते.

आणखी एक शौर्य आहे, ज्याला पदक नसते. ५ मार्च १९४३ रोजी तुरिनच्या फियाट कारखान्यात कामगारांनी यंत्रे थांबवली. संप करणे १९२६ पासून गुन्हा होता, देश युद्धात होता, मुसोलिनी सत्तेवर होता. तरी संप तुरिनभर पसरला, मिलानला गेला. साडेचार महिन्यांनी मुसोलिनी पडला. एका संपाने तो पडला असे आम्ही म्हणणार नाही. सिसिलीत शत्रूची फौज उतरली होती. पण हुकूमशहाच्या तोंडावर यंत्र बंद करणारा माणूस भित्रा म्हणता येत नाही. मुसोलिनीने आगगाड्या वेळेवर चालवल्या, असे सांगणारे अजूनही भेटतात. पहिल्या महायुद्धात मोडलेली रेल्वे दुरुस्त होऊ लागली होती ती त्याच्या आधीपासून. बाकीचे काम जाहिरात खात्याने केले. कामगारांचे पगार त्याने १९२७, १९३० आणि १९३४ असे तीनदा कापले, ते मात्र अगदी वेळेवर.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर आमचे बोलणे वकिली ठरेल. 'इटालियन मनाने फार चांगला' ही देखील एक समजूत आहे, आणि ती इटालियनाला स्वतःला फार आवडते. १९३५-३६ मध्ये इथिओपियावर विषारी वायू सोडणारे इटालियनच होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये आदिस अबाबात तीन दिवस निःशस्त्र लोकांची कत्तल झाली. त्या वायूची सरकारी कबुली १९९६ साली आली, कारण मनाने चांगल्या माणसाने असे काही केले असेल हे कुणी विचारीतच नव्हते.

राहिला माफिया. हा भाग आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो आमच्या सर्वांत जवळचा आहे.

कोर्लेओने हे नाव आज कुणाला माहीत नाही? मारिओ पुझोची कादंबरी १९६९ ची, चित्रपट १९७२ चा. जगभरच्या प्रेक्षकांना ते गाव म्हणजे खुनी लोकांचे माहेर वाटते. खुद्द तो चित्रपट कोर्लेओनेत काढलेला नाही. सिसिलीच्या दुसऱ्या टोकाच्या साव्होका वगैरे गावांत काढला. पण कोर्लेओने हे खरे गाव आहे आणि तिथे आमच्या बिरादरीची माणसे पुरली आहेत.

सिसिलीत जमीन मोठ्या सरदारांची. सरदार राहणार पालेर्मोला. मध्ये खंडाने जमीन घेणारा, त्याचे बंदूकधारी राखणदार, आणि तळाशी कूळ व मजूर. हा मधला थर म्हणजेच माफियाची मुळी. त्याचे रोजचे काम चित्रपटातल्यासारखे गूढ नव्हते. मजुराने जास्त मागू नये एवढेच होते. १८९१ नंतर सिसिलीच्या शेतकऱ्यांनी संघ उभारले, करारासाठी संप केले. त्यांचा कोर्लेओनेचा पुढारी बेर्नार्दिनो व्हेर्रो पुढे गावचा महापौर झाला आणि १९१५ साली मारला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक जमिनी कसणाऱ्यांना देण्याचा कायदा झाला आणि मजूर ध्वज घेऊन त्या जमिनींवर जाऊ लागले. १ मे १९४७ रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा या खिंडीत मे दिनाला कुटुंबेच्या कुटुंबे जमली असता डोंगरावरून मशीनगन चालली. अकरा मेले, त्यांत मुले होती. मे दिनाच्या सभेत पोरांना खांद्यावर घेऊन येणारे बाप आपणही पाहिले आहेत.

कोर्लेओनेच्या कामगार सभेचा चिटणीस प्लाचिदो रिझ्झोत्तो. वय ३४, शेतकऱ्याचा मुलगा. १० मार्च १९४८ च्या रात्री त्याला पळवून नेले. मारेकऱ्यांना पाहिलेले एक धनगराचे पोर होते; ते इस्पितळात मेले, आणि त्या इस्पितळाचा मुख्य डॉक्टरच गावच्या माफियाचा प्रमुख होता. आरोपी पुराव्याअभावी सुटले. रिझ्झोत्तोची हाडे डोंगरातल्या एका खोल कपारीत २००९ साली सापडली, २०१२ साली ओळख पटली आणि त्या वर्षी २४ मे रोजी राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. चौसष्ट वर्षांनी. त्याची रिकामी जागा घ्यायला १९४८ साली पिओ ला तोर्रे नावाचा विशीतला तरुण गेला. आम्ही कार्यकर्त्यांना नेहमी विचारतो, तुम्ही गेला असता काय? तो गेला. पुढे खासदार झाला. माफियाच्या टोळीत असणे हाच गुन्हा धरावा आणि त्यांची मालमत्ता जप्त करावी असे विधेयक त्याने आणले. ३० एप्रिल १९८२ रोजी त्याला मारले. त्याच वर्षी सप्टेंबरात कायदा झाला, आणि त्याच कायद्याच्या जोरावर पालेर्मोत पुढे शेकडो आरोपींचा तो गाजलेला खटला उभा राहिला. माफियाला कोर्टात ओढले ते सिसिलियनांनीच. पण सिनेमाला मारेकऱ्याचा चेहरा हवा असतो, चिटणिसाचा नव्हे. १९८२ च्या आपल्या गिरणी संपाची वर्षे आठवा: जगाला त्या मुंबईतल्या टोळ्यांची नावे ठाऊक आहेत, अडीच लाख गिरणी कामगारांपैकी एकाचेही नाही.

या देशाने जुझेप्पे दी व्हित्तोरिओसारखा माणूस दिला. बाप गेल्यावर दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली, पुलियाच्या शेतांत मजुरी. वाचायला स्वतः शिकला आणि इटलीच्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचा चिटणीस झाला. जागतिक कामगार महासंघाचा तो अध्यक्ष होता. आपले कॉम्रेड डांगे त्याच महासंघाचे उपाध्यक्ष होते. इटलीच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम हे लोकराज्य श्रमावर उभे असल्याचे सांगते.

आणि त्याच इटलीत रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्हा आहे. पूर्वीची मलेरियाची दलदल. ती उपसून १९३२ साली मुसोलिनीने शहर वसवले. आज तिथल्या भाजीच्या मळ्यांत आणि प्लास्टिकच्या छपरांखाली हजारो पंजाबी मजूर राबतात. त्यांना आणणारा मुकादम आहे, मुकादमाची टक्केवारी आहे, आणि पगाराच्या चिठ्ठीवर राबलेल्या दिवसांपैकी थोडेच दिवस लिहिण्याची वहिवाट आहे. त्यांच्याबद्दल मालकवर्गाची समजूत काय? हे लोक फार शांत, तक्रार करीत नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये त्यांतल्या एका एकतीस वर्षांच्या मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला इस्पितळात न नेता घराशी आणून सोडले. दोन दिवसांनी तो रोमला वारला.

शांत म्हटलेले हे लोक त्याआधी आठ वर्षे, १८ एप्रिल २०१६ रोजी, कामावर गेले नव्हते. पगड्या बांधून, इटालियन युनियनचे झेंडे धरून ते लातिनाच्या चौकात जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीपुढे उभे राहिले. मागणी साधी होती: करारात लिहिलेली मजुरी द्या, आणि जितके दिवस राबलो तितके दिवस चिठ्ठीवर लिहा.